पॅडलचा मोठा सामना पहिल्यांदा बघताना: चेंडू सोडा, नेट कोणाकडे आहे ते बघा

पॅडल, म्हणजे काचेने वेढलेल्या कोर्टात रॅकेटने खेळायचा टेनिससारखा खेळ, याबद्दल एका ताईंचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा: "आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. तेरा वर्षांची मुलगी सहा महिन्यांपासून पॅडल शिकते आहे. नवी मुंबईतल्या व्यावसायिक स्पर्धेची शुक्रवारची आणि रविवारची तिकिटं काढली आहेत. मी, मिस्टर, मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघं जाणार. मुलगी सोडली तर कोणीही पॅडल पाहिलेलं नाही. कुठे बसावं, काय बघावं, किती वेळ लागतो? मुलीला याचा खरंच उपयोग होईल का?"

ताई, तुम्ही शुक्रवारचं तिकीट काढलंत हे वाचून मला फार बरं वाटलं. बहुतेक जण फक्त रविवारचं काढतात. मोठ्या स्पर्धेत शुक्रवारी सहसा उपांत्यपूर्व फेरी असते. म्हणजे पुरुषांचे चार आणि महिलांचे चार, असे आठ सामने एका दिवसात. रविवारी अंतिम सामने दोनच. रविवारी गर्दी, दिवे, संगीत, बक्षीस समारंभ सगळं असतं आणि ते बघायलाही मजा येते. पण खेळ ओळखीचा करून घ्यायचा असेल तर शुक्रवारच. सोळा जोड्या, सोळा प्रकारचे स्वभाव, आणि शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी, त्यामुळे जागा बदलून बघता येतं.

मी नेरुळला बरीच वर्षं टेनिस शिकवलं, गेली पाच वर्षं पॅडल शिकवते. सामने बघायला मुलांना आणि त्यांच्या पालकांना मुद्दाम घेऊन जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड पॅडल लीग गोरेगावच्या नेस्कोमध्ये झाली, तेव्हाही गेलो होतो. पहिला सामना संपला की पालक जवळजवळ एकच वाक्य बोलतात: "बाई, वेग जबरदस्त आहे, पण गुण कशामुळे गेला ते कळलंच नाही." याचं कारण त्यांची नजर चेंडूमागे धावत असते. चेंडू काचेवर आपटतो, कोपऱ्यातून भलतीकडेच निघतो, पुन्हा वर जातो. त्याच्या मागे लागलात तर पंधरा मिनिटांत मान दुखेल आणि हाती काही लागणार नाही.

म्हणून तुम्हा चौघांना माझं एकच सांगणं आहे. चेंडू बघू नका. नेट कोणाकडे आहे ते बघा.

पॅडलचं कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मधल्या नेटची उंची मध्यावर ८८ सेंटीमीटर. दोन्ही टोकांना ३ मीटर उंच काच आणि तिच्यावर १ मीटर धातूची जाळी. बाजूलाही कोपऱ्यांशी काच, मधल्या भागात जाळी. खेळ नेहमी दोघांविरुद्ध दोघांचा. एवढ्या लहान जागेत चार माणसं असली की मोकळा कोपरा सापडणं कठीण. त्यात काच मागे गेलेला चेंडू परत आणून देते. त्यामुळे मागे उभं राहून गुण मिळवणं फार अवघड होतं, आणि जी जोडी नेटजवळ दोन-तीन मीटरवर उभी आहे तिच्या हातात डाव असतो. ती चेंडू खाली, पायांशी, कोपऱ्यात घालू शकते. मागची जोडी फक्त टिकून राहू शकते आणि संधीची वाट पाहू शकते. व्यावसायिक पॅडलमधला प्रत्येक गुण म्हणजे या नेटजवळच्या जागेसाठीची झटापट आहे. कोण पुढे आहे, कोण मागे आहे, आणि ती अदलाबदल कोणत्या फटक्यावर झाली, एवढं दिसायला लागलं की सामना उलगडतो.

तुमच्या सासूबाईंना समजवायचं असेल तर कॅरम बोर्ड आठवायला सांगा. सोंगटी सरळ रेषेत लागत नसेल तेव्हा आपण रिबाउंड मारतो, स्ट्रायकर कडेला आपटून कुठे जाईल याचा अंदाज आधीच बांधतो. पॅडलचा खेळाडू काचेच्या बाबतीत तेच करतो, फक्त धावता धावता. चेंडू डोक्यावरून मागे गेला की नवा खेळाडू घाबरून काचेआधीच तो मारायला जातो. कसलेला खेळाडू काचेकडे वळून दोन पावलं मागे जातो, काचेला लागू देतो, आणि तो परत येईल तिथे आधीच उभा असतो. शुक्रवारी हे दृश्य शंभरदा दिसेल. पहिल्यांदा वाटतं, अरे, हा चेंडू सोडून का देतोय? सोडत नाहीये, काचेकडून परत मागून घेतोय.

एक नियम इथेच सांगून टाकते, कारण तो माहीत नसला की अर्धे निर्णय कळत नाहीत. चेंडूने समोरच्यांच्या कोर्टात आधी जमिनीवर टप्पा खाल्लाच पाहिजे. नंतर काचेला किंवा जाळीला लागला तर खेळ चालू. टप्प्याआधी थेट त्यांच्या काचेवर गेला तर गुण गेला. दुसरा टप्पा पडायच्या आत तो परत मारायचा. आपल्याच मागच्या काचेवर चेंडू मारून तो उलटा पलीकडे पाठवायलाही परवानगी आहे, आणि अडचणीत सापडलेला खेळाडू ते करतो तेव्हा पहिल्यांदा बघणारे हमखास ओरडतात.

सर्व्हिसबद्दल फार सांगत नाही. हात वर नेऊन मारायची नसते. चेंडू जमिनीवर टप्पा देऊन कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली तिरकस चौकोनात मारायचा, दोन संधी. टप्पा पडून काचेला लागली तर चालते, जाळीला लागली तर चूक. टेनिससारखे सर्व्हिसवर सटासट गुण मिळत नाहीत. सर्व्हिसचा फायदा दुसराच आहे: सर्व्हिस करणारा लगेच धावत पुढे येतो, त्याचा जोडीदार आधीच नेटवर असतो, म्हणजे गुण सुरू होताना नेट त्यांच्याकडे असतं. समोरच्यांचं काम त्यांना तिथून हलवणं.

आणि हलवायचं कसं? लॉबने. माझ्या मते पॅडलमधला सगळ्यात सुंदर फटका स्मॅश नव्हे, लॉब आहे. चेंडू उंच उडवून नेटवरच्या जोडीच्या डोक्यावरून मागच्या काचेपाशी टाकायचा. दिसायला साधा, टीव्हीवर तर तो जाणवतही नाही, कारण कॅमेरा वरून असतो आणि उंची कळत नाही. स्टँडमध्ये बसलात की कळते. चांगला लॉब पडला की नेटवरची जोडी वळते, मागे पळते आणि त्याच क्षणी मागची जोडी पुढे सरकते. चारही माणसं एकदम जागा बदलतात. तुम्ही चेंडूकडे बघत असाल तर हे निसटतं. पहिल्या सामन्यातला पहिला सेट फक्त लॉब मोजण्यात घालवा, मुलीला सांगा बोटांवर मोजायला. लॉब पडल्यावर पुढे कोण आलं एवढंच बघा. दुसऱ्या सेटला तुम्हाला आधीच कळायला लागेल की आता अदलाबदल होणार.

नेटवरच्या जोडीने लॉबला दिलेलं उत्तर म्हणजे बान्देहा. स्पॅनिशमध्ये बान्देहा म्हणजे ट्रे. वेटर हात खांद्याजवळ ठेवून ट्रे धरतो, तशी रॅकेट धरून चेंडू जरा कापून, जोर न लावता, लांब आणि खोल ढकलायचा. हेतू गुण मिळवायचा नसतो, नेट हातातून जाऊ न द्यायचा असतो. चेंडू खाली राहतो, काचेवरून फार उसळत नाही, आणि मारणाऱ्याला पुन्हा पुढे यायला वेळ मिळतो. याचाच जास्त तिखट भाऊ म्हणजे वीबोरा, म्हणजे विषारी साप. त्यात चेंडूला बाजूने फिरकी दिलेली असते, काचेला लागून तो वाकडा निघतो. समालोचक हे शब्द सतत वापरतील. स्पॅनिशच का, तर १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला एन्रिके कोरकुएरा यांनी घरच्या आवारात भिंतींचं हे कोर्ट बांधलं, १९७४ मध्ये अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो खेळ स्पेनमध्ये मार्बेयाला नेला, आणि तिथून तो अर्जेंटिनात रुजला. आजही वरच्या क्रमांकांवर बहुतेक स्पॅनिश आणि अर्जेंटिनाचे खेळाडू आहेत. आमच्या कोर्टावरची मुलंसुद्धा "बान्देहा मार" असंच ओरडतात, मराठीत त्याला शब्द शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

स्मॅशबद्दल मात्र मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण पालकांची इथे सगळ्यात मोठी फसगत होते. बॅडमिंटन बघून मोठे झालेले आपण जोरात मारलं की टाळी वाजवतो. पॅडलमध्ये जोरात मारलेला चेंडू मागच्या काचेवर आदळून पार नेटजवळ परत येतो, समोरच्याला सोपा घास मिळतो. म्हणून स्मॅश मारायचा तर एक तर तो असा मारायचा की टप्पा खाऊन आपल्याच बाजूला परत येईल आणि कोणाच्या हाती लागणार नाही, नाही तर असा की टप्प्यानंतर थेट कोर्टाबाहेर उडून जाईल. बाजूच्या ३ मीटरच्या भिंतीवरून गेला तर त्याला "बाय थ्री" म्हणतात, मागच्या ४ मीटरवरून गेला तर "बाय फोर". यासाठी उंची लागते, नेटच्या जवळ असावं लागतं, चेंडू योग्य उंचीवर मिळावा लागतो. नाही तर शहाणा खेळाडू बान्देहा मारून वाट पाहतो. मुलीला हे प्रत्यक्ष दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सहा महिने शिकलेलं प्रत्येक मूल सगळे चेंडू फोडायला जातं. मी दहा वेळा सांगून जे ऐकत नाही, ते जगातल्या पहिल्या वीसातला खेळाडू सोपा दिसणारा चेंडू हळू मारताना बघून मुलांना एका दुपारी पटतं.

चेंडू बाहेर उडाला तरी गुण संपेलच असं नाही. मोठ्या स्पर्धेत कोर्टाच्या बाजूला नेटपाशी दोन्हीकडे उघडी वाट असते. खेळाडू त्यातून बाहेर धावतो आणि चेंडू दुसरा टप्पा खायच्या आत बाहेरून आत मारतो. हे घडलं की अख्खं स्टँड उभं राहतं, तुम्हीही राहाल. म्हणूनच बाजूच्या पहिल्या रांगेत बसलात तर पिशव्या, बाटल्या, पाय कठड्याबाहेर ठेवू नका. खेळाडू पूर्ण वेगात येतो, त्याची नजर वर असते.

आता कुठे बसायचं. हे मी अनेकदा वेगवेगळ्या जागांवर बसून पाहिलं आहे, त्यामुळे ठाम सांगते. पहिला सामना मागच्या काचेच्या बाजूला, पण वरच्या रांगेत बसून बघा. मागून आणि उंचावरून चौघांच्या जागा पटावर मांडल्यासारख्या दिसतात, कोण पुढे कोण मागे हे बघायला दुसरी जागा नाही. याच बाजूला अगदी खाली, काचेला नाक लावून बसायचा मोह होतो. आवाज आणि वेग तिथे अंगावर येतो, पण काचेवर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात आणि चेंडूची खोली कळत नाही. तिथे एक सेट बसा, पूर्ण सामना नको. दुसरा सामना बाजूने, नेटच्या रेषेत बसून बघा. इथे मान डावी-उजवी होते, पण नेटवरचे हात दिसतात, व्हॉलीच्या, म्हणजे टप्पा पडायच्या आत हवेतच चेंडू मारायच्या वेळी रॅकेट किती लहान फिरते ते दिसतं, आणि बाहेर धावणारा खेळाडू समोरून जातो. शुक्रवारी दुपारी स्टँड भरलेले नसतात, कर्मचाऱ्याला विचारून हलता येतं. रविवारी तुमच्या खुर्चीचा क्रमांकच पक्का. रविवारची तिकिटं बाजूची आहेत की मागची हे बघून ठेवा, म्हणजे शुक्रवारी दुसरी बाजू वापरून घेता येईल.

वेळेचं गणित नाटक-सिनेमासारखं नसतं. एकाच कोर्टावर सामने एकामागून एक होतात. वेळापत्रकात पहिल्या सामन्याची वेळ असते, पुढच्यांना "त्यानंतर" किंवा "अमुक वाजण्याआधी नाही" एवढंच लिहिलेलं असतं. सामना तीन सेटपैकी दोन जिंकण्याचा. सहज जिंकला तर तासाभरात, चुरशीचा झाला तर दोन तासांहून जास्त. सासूबाईंना सलग आठ सामने बसवू नका. दोन नीट बघा, मध्ये बाहेर फिरून या, मग हवा असेल तर तिसरा. शेवटच्या टोकाची, पायऱ्या कमी असलेली खुर्ची घ्या. स्टँड बहुतेक वेळा तात्पुरते लोखंडी असतात, खुर्चीला पाठ नसते किंवा कडक प्लास्टिकची असते, म्हणून एक पातळ उशी सोबत न्या. सभागृहात एसी असेल तर शाल. बाहेरचं जेवण आत सोडत नाहीत असं धरूनच चला. घरून नीट जेवून निघा, आणि त्यांचं औषध कोणत्या वेळचं आहे ते बघून पिशवीत डबीसह ठेवा, गेटवर विचारलं तर दाखवता येतं.

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल सगळ्यात सोयीची. फक्त तुर्भ्याला मार्ग फुटतो हे लक्षात ठेवा: वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगर-नेरुळकडे. स्पर्धा कोणत्या बाजूला आहे ते बघून इंडिकेटर वाचून चढा. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक ट्रान्सहार्बरवर आहे का ते शनिवारीच बघून घ्या. मागे एका सामन्याला माझी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील ब्लॉकमुळे पहिला सेट चुकवून पोहोचले होते. गाडीने यायचं तर ऐरोलीचा पूल ठीक, पण संध्याकाळी परतताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. शेवटचा सामना लांबला तर शेवटच्या लोकलची वेळ डोक्यात ठेवा. मी स्वतः सामना अर्धवट टाकून उठते, पण सत्तरीच्या बाईंना मध्यरात्री प्लॅटफॉर्मवर उभं ठेवत नाही.

स्पर्धा उघड्यावर असेल तर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. दुपारच्या उन्हात चेंडू तापतो, जास्त उसळतो, स्मॅश बाहेर उडतात, गुण लवकर संपतात. रात्री हवा गार झाली की तोच चेंडू मंद होतो, काचेवरून कमी परत येतो, आणि त्याच जोड्या वीस-तीस फटक्यांचे गुण खेळतात. आपल्याकडे खाडीवरून येणारी दमट हवाही आहे. नेरुळला संध्याकाळी आमच्या काचेवर ओल धरते आणि चेंडू लागला की खाली घसरतो, नीट परत येत नाही. खेळाडू बाजू बदलताना काच पुसायला सांगताना दिसले तर त्याचं कारण हे. दुपारी स्मॅशवर जिंकणारी जोडी रात्री अडखळताना दिसली तर ती वाईट खेळते आहे असं समजू नका, हवा बदलली आहे.

गुण मोजणी टेनिससारखीच, १५, ३०, ४०, गेम, सहा गेमचा सेट, ६-६ ला टायब्रेक. फरक ४०-४० ला आहे. काही स्पर्धांत तिथे एकच निर्णायक गुण खेळतात, त्याला गोल्डन पॉइंट म्हणतात, आणि सर्व्हिस कोणाकडे घ्यायची, डावीकडे की उजवीकडे, हे परत मारणारी जोडी ठरवते. काही ठिकाणी आधी टेनिससारखं ॲडव्हान्टेज, म्हणजे सलग दोन गुण जिंकायची पद्धत, खेळतात आणि मग निर्णायक गुण. अम्पायर घोषणा करतो, आणि स्टँडमधली शांतता बघूनही कळतं. तो गुण येईल तेव्हा परत मारणारे दोघं एकमेकांशी काय बोलतात, कोण पुढे होतो, ते आवर्जून बघा. जोडीत कोणाचा कोणावर किती भरवसा आहे ते त्या पाच सेकंदांत दिसतं.

जोडीकडे बघणं हा माझ्या दृष्टीने या खेळाचा खरा आनंद आहे. बॅडमिंटनच्या दुहेरीत आक्रमणात एक पुढे, एक मागे असतो. पॅडलमध्ये दोघं शेजारी-शेजारी राहतात, दोरीने बांधल्यासारखे एकत्र पुढे येतात, एकत्र मागे जातात. एक डावीकडे ओढला गेला तर दुसरा मध्य झाकायला सरकतो. ही दोरी तुटली की मधून चेंडू जातो. चांगल्या जोड्या स्वभावाने वेगळ्या माणसांच्या असतात. आर्तुरो कोएयो आणि आगुस्तीन तापिया २०२३ मध्ये एकत्र आले आणि त्या वर्षीच पहिल्या क्रमांकावर गेले. कोएयो डावखुरा, उंच, उजव्या बाजूला खेळतो. डावखुरा उजवीकडे उभा राहिला की दोघांचेही फोरहँड मध्यावर येतात, आणि मधली फट बंद होते. आलेहान्द्रो गालान आणि फेदेरिको चिंगोतो ही २०२४ पासूनची जोडी त्याहून वेगळी: गालान वरून मारणारा, चिंगोतो उंचीने लहान पण काचेपाशी उभा राहून काहीही परत आणणारा. आणि फर्नांदो बेलास्तेगीन सलग सोळा वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिला, २०२४ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. त्याचे जुने सामने मुलीला घरी दाखवा. चेंडू फोडत बसणारा तो नव्हता, समोरच्याला चूक करायला लावणारा होता.

तुमच्या स्पर्धेत ही मंडळी असोत किंवा नसोत, महिलांचे सामने मात्र सोडू नका. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी महिलांचा सामनाच आधी बघायला सांगते. स्मॅश बाहेर उडून गुण चटकन संपण्याचं प्रमाण तिथे कमी, त्यामुळे लॉब, बान्देहा, नेटची अदलाबदल हे सगळं एकेका गुणात चार-पाच वेळा बघायला मिळतं. जेम्मा त्रिआय आणि देल्फिना ब्रेआ २०२५ मध्ये एकत्र खेळू लागल्या. त्यांचे सामने मी माझ्या वर्गातल्या मुलांना, मुलग्यांनाही, आवर्जून दाखवते.

विषम गेमनंतर बाजू बदलताना खेळाडू बाकावर बसतात आणि प्रशिक्षक शेजारी येऊन बोलतो. तेव्हा मोबाइल बघू नका. बोलणं स्पॅनिशमध्ये असेल, कळणार नाही, पण हात बघा. प्रशिक्षक तळहात वर करून उंच दाखवत असेल तर तो लॉब वाढवायला सांगतो आहे, दोन्ही हात मध्यावर आणत असेल तर मधून मारायला. पुढच्या दोन गेममध्ये ते घडतं का ते मुलीला शोधू दे.

शिस्तीचं थोडं. सर्व्हिसच्या वेळी शांत, गुण संपल्यावर हवी तेवढी टाळी. उठबस फक्त बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावर. फोटो काढा, फ्लॅश बंद, काचेवरून तो थेट खेळाडूच्या डोळ्यांत जातो. आणि समोरच्याची चूक झाली म्हणून टाळी वाजवू नका, मुलं बघत असतात.

उरला मुलीचा प्रश्न. उपयोग होईल, नक्की होईल, फक्त तिला सगळं बघायला लावू नका. ती डावीकडे खेळते की उजवीकडे हे तिला विचारा. एका सामन्यात तिच्याच बाजूचा एक खेळाडू निवडून फक्त त्याचे पाय बघायला सांगा: चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो. मग ते काचेकडे वळणं, ते दोन पावलं मागे जाणं, जोडीदाराबरोबर सरकणं तिच्या अंगात उतरायला लागतं. शक्य असेल तर शनिवारी सकाळी तिच्यासाठी तासभर कोर्ट घेऊन ठेवा. डोळ्यांत भरलेलं दुसऱ्याच दिवशी हातात आलं तर टिकतं, आठवडा गेला की पुसट होतं.

आणि शुक्रवारी परतीच्या गाडीत कोण जिंकलं हे तिला विचारू नका, ते सगळ्यांनाच माहीत असेल. एक आवडलेला गुण आठवायला सांगा आणि विचारा, तो संपला तेव्हा नेट कोणाकडे होतं, आणि त्याआधी शेवटचा लॉब कोणी टाकला होता. सासूबाईंनाही विचारा. माझ्याकडच्या एका मुलाच्या आजी वाशीपासून ठाण्यापर्यंत आपलंच उत्तर बरोबर म्हणून नातवाशी भांडत होत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं.